गड्ड्यावरून आणलेली मुलगी

नमस्कार, श्रोतेहो. आनुवंशिकता हा विषय नववी-दहावीच्या विज्ञानात येतो आणि बहुतेक घरांत तो चार चौकटींचा तक्ता पाठ करण्यावरच संपतो. म्हणून तक्त्याच्या आधी एवढेच ध्यानात ठेवा, की जनुकाच्या, म्हणजे एखादा गुण ठरवणाऱ्या घटकाच्या, सहसा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. पुढच्या पिढीला आपण त्यांपैकी एकच देतो, आणि ती कोणती, हे प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने ठरते.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठात तिथलेच एक साधू ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या शुद्ध वाणांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले, परंतु त्यांच्या पुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुती नाहीशी झाली नव्हती. ती एक पिढी केवळ दिसली नव्हती. दिसते ते प्रभावी आणि असूनही झाकले जाते ते अप्रभावी, एवढाच या दोन शब्दांचा अर्थ आहे. प्रभावी म्हणजे चांगले आणि अप्रभावी म्हणजे कमअस्सल, असा अर्थ उत्तरपत्रिकांतून मी इतक्या वेळा वाचला आहे, की हे शब्दच बदलावेत असे मला कधी कधी वाटते.

आता माझ्या वर्गातली गोष्ट सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी रक्तगट शिकवताना मी मुलांना घरच्यांचे रक्तगट लिहून आणायला सांगितले होते, आणि ती माझी चूक होती. दुसऱ्या दिवशी एक मुलगी रडवेली होऊन आली. तिचे वडील ए गटाचे, आई बी गटाची, धाकटा भाऊ एबी आणि ती स्वतः ओ. चुलतभावंडांनी तिला घेरून सांगितले होते, की तुझा गट घरात कोणाशीच जुळत नाही, तुला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावरून, म्हणजे जत्रेतून, उचलून आणले आहे. सोलापुरात हे वाक्य ऐकल्याशिवाय कोणतेच मूल मोठे होत नाही, पण या खेपेला त्याला माझ्या गृहपाठाचा पुरावा मिळाला होता.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. वडील यंत्रमागावर चादरी विणणारे. मी कागदावर तक्ता काढला. ए आणि बी हे दोन्ही ओवर प्रभावी असतात, त्यामुळे ए गटाच्या माणसाजवळ ए आणि ओ अशा दोन प्रती असू शकतात, तशाच बी गटाच्या बाईजवळ बी आणि ओ. दोघांनी ओ दिला, तर मूल ओ गटाचे. वडिलांनी ए आणि आईने बी दिला, तर दोन्ही एकदम दिसतात आणि मूल एबी. दर खेपेला चारही गटांची शक्यता सारखीच, चारात एक.

वडिलांनी कागद बाजूला सारला, खाटेवरची जकार्डची चादर ओढून उलटी केली आणि म्हणाले, "सर, वरच्या अंगाला लाल फूल आहे, खालच्या अंगाला तेच पांढरं. पांढरा धागा आम्ही आणलाय कुठून? तो पहिल्यापासून आतच आहे." इतकी वर्षे शिकवून मला असे उदाहरण सुचले नव्हते.

पण त्यांच्याजवळचा ओ आला कुठून, हा प्रश्न उरलाच होता. तेव्हा कोपऱ्यातल्या आजींचे, म्हणजे वडिलांच्या आईचे, शस्त्रक्रियेच्या वेळचे कागद काढले. त्यांवर गट होता ओ. ओ गटाच्या आईजवळ मुलाला देण्यासाठी ओशिवाय दुसरे काही नसते, म्हणजे तिच्या ए गटाच्या मुलाजवळ तो असणारच.

जाता जाता सांगतो, रक्तगटाच्या तक्त्यावरून कोणाच्या आईबापांचा निवाडा घरात करू नये. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला दुर्मीळ बॉम्बे रक्तगट साध्या तपासणीत ओसारखाच दिसतो, आणि तिथे आपला चार चौकटींचा तक्ता चुकतो. आणि मुलगीच झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनीही ऐकावे: आई प्रत्येक वेळी एक्स गुणसूत्रच देते, वडिलांकडून एक्स आला तर मुलगी आणि वाय आला तर मुलगा, म्हणजे ते वडिलांकडून ठरते. हा धडा पाठ असलेली माणसेही घरी आल्यावर तो विसरतात, याचा मला अजून राग येतो.

तर त्या संध्याकाळी आजींनी मुलाला तेलुगूत दोनदा विचारून सगळे नीट समजून घेतले, मग नातीला जवळ ओढले आणि मराठीत मला म्हणाल्या, "म्हणजे गड्ड्यावरनं आणलेली मीच की, सर!"