बंड्याचे मागचे पाय

कोथरूडमधलं हे घर. व्हिट्रिफाइड फरशी इतकी चकचकीत की तोंड दिसावं. बारा वर्षांच्या बंड्याला तिच्यावर उभंही राहवत नाही. मागचे पाय फाकतात.

हा लॅब्राडोर कधीकाळी तळजाईची टेकडी सगळ्यांच्या पुढे चढायचा. तो पायऱ्यांशी अडखळायला लागला, गाडीत उडी मारेनासा झाला, तेव्हा घरचे म्हणाले, आळशी झालाय. कुत्रं दुखतंय म्हणून सहसा कण्हत नाही. ते गप्प पडून राहतं, आणि आपण वयाला बोल लावतो. निदान निघालं खुब्याच्या संधिवाताचं.

कुत्र्याचं साठेक टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं. मागे दुखलं की ते आणखी पुढे रेलतं. मागच्या मांड्या वाळतात, सांध्याचा आधार जातो, दुखणं वाढतं.

उपचार केंद्रातली ही काचेची टाकी म्हणजे पाण्यातली ट्रेडमिल. खुब्यापर्यंत कोमट पाणी भरलं की पायांवर वजनाचा जेमतेम ३८ टक्के भार उरतो. सांध्याला त्रास न होता स्नायूंना काम मिळतं. कॅमेऱ्याला हे दृश्य फार आवडतं. आम्हालाही मोह आवरला नाही. पण तिथं बंड्या जातो आठवड्यातून एकदा.

बाकीचे दिवस काकूंचे. आधी गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. मग एकेक पाय हातात घेऊन सावकाश दुमडायचा, सरळ करायचा; बंड्यानं मान वळवली की थांबायचं. पॅसेजमध्ये झाडूचे दांडे आडवे ठेवलेत. ते ओलांडताना पाय उचलावाच लागतो. फरशीवर योगा मॅट अंथरल्यात, तळव्यांतले केस कापलेत.

अडचण आजोबांची. ताटाखालून पोळीचा तुकडा जातोच. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर जन्मभर अभ्यास झाला. पाव हिस्सा कमी खाणारे सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगले, सांधेही उशिरा धरले. हे ऐकून आजोबा म्हणाले, "त्यांना आमची पोळी कुठं मिळाली होती?" सध्या गाजरावर तडजोड झाली आहे.

सगळंच असं सावकाश चालत नाही. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले, तर मणक्यातली चकती सरकलेली असू शकते. तिथं मालिश नको, घरातली आयब्युप्रोफेनची गोळी तर मुळीच नको, ती कुत्र्याला विषारी ठरते. त्याला फळीवर आडवं ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. व्यायामाचं नंतर बघू.