बेरिंगच्या तळाची मोजणी

अलास्काच्या पश्चिमेला, बेरिंग समुद्राच्या पूर्व भागात, समुद्रबूड जमीन ५०० किलोमीटरहून अधिक रुंद आहे आणि तिच्यावरचे पाणी २०० मीटरपेक्षाही उथळ आहे. त्या तळावरून ओढून आणलेले जाळे आता जहाजाच्या डेकवरच्या टेबलावर रिकामे होत आहे. त्यात पोलॉक आणि पॅसिफिक कॉड हे मासे आहेत, तळाला चिकटून राहणारे चपटे सोल मासे आहेत आणि लांब पायांचे स्नो क्रॅब हे खेकडे आहेत. एकेक जात वेगळी करून तिचे वजन होते, माशांची लांबी मोजली जाते, काहींच्या कानातला इवलासा खडा काढून ठेवला जातो. त्या खड्यावरची वलये मोजली की माशाचे वय कळते. जाळ्याच्या वरच्या दोराला बांधलेल्या तापमापकाने तळाचे तापमानही नोंदवून आणलेले असते.

समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेचे शास्त्रज्ञ १९८२ पासून, २०२० चा अपवाद वगळता, दर उन्हाळ्यात हीच मोजणी एकाच पद्धतीने करत आले आहेत. सुमारे साडेतीनशे ठिकाणे, त्यांच्यात २० सागरी मैलांचे अंतर, आणि प्रत्येक ठिकाणी ताशी ३ सागरी मैल वेगाने अर्धा तास ओढलेले जाळे. एका ओढीत जेमतेम ५ हेक्टर तळ जाळ्याखालून जातो, आणि त्यावरून सुमारे १,३७० चौरस किलोमीटरच्या चौकोनाविषयी बोलायचे असते. न पाहिलेल्या या प्रचंड तळासाठीच संख्याशास्त्रीय प्रतिमान, म्हणजे मोजलेल्या ठिकाणांवरून उरलेल्या तळाचा अंदाज बांधणारे गणित, लागते.

जाळ्यात एखादी जात आलीच नाही, तर ती तिथे नव्हती की होती आणि हुकली? म्हणून प्रतिमान दोन प्रश्न वेगळे ठेवते: ती जात सापडण्याची शक्यता किती, आणि सापडली तर किती वजनाची. शेजारच्या ठिकाणांच्या नोंदी ते एकमेकींशी जोडते. अनेक जातींचा एकत्र विचार केला, तर क्वचित सापडणाऱ्या जातीविषयीचा अंदाजही तिच्यासारख्याच पाण्यात राहणाऱ्या इतर जातींच्या नोंदींमुळे सावरला जातो.

या समुद्रात सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे तळाशी साठणारे २ अंश सेल्सिअसहून थंड पाणी. हिवाळ्यात बर्फ दक्षिणेकडे सरकतो आणि पाणी वरपासून खालपर्यंत गार होते. उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका झाला, की खालची थंडी त्याच्याखाली अडकून राहते. पोलॉक आणि कॉड हे पाणी टाळतात, तर स्नो क्रॅबची पिल्ले त्याच्या आश्रयाने वाढतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणचे तापमान सांगून भागत नाही. हा थंड पट्टा त्या वर्षी किती पसरला आहे, म्हणजे माशाची वाट कुठे अडते, हेही प्रतिमानाला सांगावे लागते. या दोन्ही गोष्टी घेतल्यावरही माशांच्या हालचालींतले बरेचसे बदल उलगडायचे राहतातच, आणि हे मान्य करणारे प्रतिमान मला अधिक विश्वासार्ह वाटते.

२०१७-१८ च्या हिवाळ्यात बेरिंगमध्ये तोवरच्या नोंदींतला सर्वांत कमी बर्फ होता आणि पुढच्या उन्हाळ्यात तो थंड पट्टा जवळजवळ उरलाच नाही. अशी स्थिती मागच्या कोणत्याही नोंदीत नव्हती, म्हणजे प्रतिमान ज्यावरून शिकले होते त्याच्या पलीकडची होती. उत्तर बेरिंगमध्ये २०१० साली अंदाजे २९ हजार टन असलेला पॅसिफिक कॉड २०१७ मध्येच २ लाख ८३ हजार टनांवर गेला होता. जनुकीय तपासणीत हे मासे दक्षिणेकडून आलेले असल्याचे दिसले. केवळ जुन्या हद्दीतली, म्हणजे उत्तर बेरिंग वगळून दक्षिणेकडची, मोजणी पाहिली असती, तर हद्द ओलांडून गेलेला कॉड मेला असे समजले गेले असते. म्हणूनच दोन्ही भागांच्या नोंदी एकाच प्रतिमानात घेणे भाग पडले.

स्नो क्रॅबच्या बाबतीत मात्र उलट घडले. २०१८ ते २०२१ या काळात १० अब्जांहून अधिक खेकडे मोजणीतून नाहीसे झाले. तेही दुसरीकडे गेले असतील, अशी शक्यता तपासली गेली. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उपासमारीकडे बोट दाखवले, कारण उबदार पाण्यात खेकड्याची भूक वाढते आणि त्या आधीच्या वर्षांत त्यांची संख्याही विक्रमी झाली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात प्रथमच बंद ठेवण्यात आला, आणि ज्याचे उत्पन्न या खेकड्यावर चालत होते त्या सेंट पॉल बेटावरच्या गावाने आणीबाणी जाहीर केली.