तोडकरी आले की गावाचं काय होतं

मंडळी, मला विषय दिलाय अंतर्गत स्थलांतर आणि जिथं लोक येतात तिथल्या गावांवर त्याचा परिणाम. आपला शिरोळ तालुका आणि बीडकडनं येणारे ऊसतोड मजूर, एवढंच बोलतो. तसं 2011 च्या जनगणनेत देशात 45 कोटींवर स्थलांतरित निघाले, पण त्यात मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा, म्हणजे पुढच्या रांगेतल्या सगळ्या काकू स्थलांतरितच, आणि त्यांचे परिणाम यजमानांना विचारा. (हशा) बरं, राहू दे.

आता एन्ट्री, म्हणजे ऊस न्यायला ड्रायव्हर वरनं मागतो ते पैसे. हसताय म्हणजे सगळ्यांनी दिलीय. माझा आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस, तुरा आला तरी तोडकऱ्यांची टोळी येईना, वजन घटतंय, कारखान्याच्या तोडचिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला फोन केला की 'काका, नंबर लागलाय, वाहन नाही'. शेवटी टोळी आली तर टोळी आणणाऱ्या मुकादमाची खुशाली, म्हणजे बक्षिसी, ती दिली तर ड्रायव्हरची एन्ट्री, तीही प्रत्येक खेपेला, वर जेवण, आणि जेवण म्हणजे आमटी-भात नव्हे हो! एका पठ्ठ्यानं भरलेली ट्रॉली बांधावर उभी केली, गाणी लावली आणि बसला, पैसे हातात पडेपर्यंत स्टार्टर मारला नाही. मग निघाला तो पाणंदीत रुतला, ओढायला दुसरा ट्रॅक्टर आणला, त्याचं भाडं कुणी दिलं? मीच. आणि तोडणी-वाहतूक कारखाना बिलातनं आधीच कापून घेतोय, ते वेगळं.

गावात मग बोलतात काय, 'हे बीडवाले लुटतात'. अहो तो ड्रायव्हर बीडचा नव्हता, आपल्याच पलीकडच्या गल्लीतला होता! फडात वाकलेल्या नवराबायकोला त्यातलं काय मिळालं? दोघं मिळून हिशेबात एक कोयता, दसऱ्याआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, फेडायची, रात्री-अपरात्री गाडी आली तरी उठून मोळ्या भरायच्या. आपल्या गावातला एक पोरगा दाखवा, कोयता धरेल असा. वाहनमालकांचं दुःख मला माहितेय, मुकादम त्यांच्याकडनं लाखांची उचल घेऊन गायब होतो आणि बँकेचा हप्ता मालकाच्या बोकांडी, पण त्याचा राग कोपीतल्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीतल्या बाईवर काढून काय उपयोग?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणतायत. मुख्य विषय आत्ता चाललाय की हो!

तर भरभर. एक, वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. मजुरांच्या हक्काचं वाडं आपण पेंढीवर विकत घेतो, हंगामभर म्हशी त्यावर निघतात, डेअरीला जाणाऱ्या दुधात ते आहे हे कुणी धरत नाही. दोन, किराणा, मोबाईल रिचार्ज, कपड्याचं दुकान, बाजाराचा दिवस, हंगामात गल्ला कसा वाढतो ते दुकानदारांना विचारा. आता उलट बाजू, कोप्या पडतात तिथं नळ नाही, संडास नाही, बायका अंधारात उसात जातात, आणि आपण म्हणणार गावाला घाण केली. पाच-सहा महिने राहणाऱ्यांसाठी ग्रामपंचायतीनं चार फिरते संडास ठेवले तर काय बिघडतं? पोरांच्या साखरशाळा, म्हणजे कारखान्याजवळच्या हंगामी शाळा, बहुतेक बंद पडल्या, आता जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, पण गुरुजी फडापर्यंत गेले तरच. 1979 चा स्थलांतरित कामगार कायदा होता तोही राज्य ओलांडणाऱ्यांचा, बीडहून इथं येणारा त्यात बसतच नव्हता.

आणि 'हार्वेस्टर आला की सुटलो' म्हणणाऱ्यांनी एवढं सांगा, तोडणीचं ते मशीन शेंडे बारीक करून शेतातच टाकतं, मग जानेवारीत म्हशीला काय घालणार? झालं, झालं, बसतो.