मानशीचं ज्ञान नेमकं कुणाकडे असतं?

हे गोव्यातलं दिवाडी बेट, मांडवी नदीच्या पात्रातलं. समोर ती लाकडी दारं दिसतायत ना, ती मानस. वीज नाही, मोटर नाही. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटतं आणि उघडतात, बस्स, एवढ्यावर आतली शेती खारी व्हायची वाचते. गोव्यात अशी खाजन जमीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठची बांध घालून राखलेली सखल जमीन, साधारण १८ हजार हेक्टर आहे, आणि ही पद्धत पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची, गावकऱ्यांनी मिळून सांभाळलेली.

आता बांधावर या. ही बोटभर ओली जागा बघा, कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बीळ केलंय. रोज इथून जाणारा शेतकरी लांबूनच थांबतो, आज चिखल ठोकून बुजवलं नाही तर पावसात बांध फुटणार हे त्याला माहीत असतं, पण कसं कळलं विचारलं तर म्हणतो, दिसतं की. माणसाला सांगता येतं त्याहून जास्त माहीत असतं, हे मायकल पोलानी या विचारवंतांनी १९६६ साली मांडलं. पण बांधाच्या मीटिंगमध्ये काय होतं, इंजिनियर बोलला की ती माहिती आणि शेतकरी बोलला की तो नुसता ‘अनुभव’, हे मला अजिबात पटत नाही. बोलणारा कोण आहे ते बघून त्याच्या शब्दाचं वजन कमी करणं, याला मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये ज्ञानाच्या बाबतीतला अन्याय म्हटलंय, आणि ते बरोबरच आहे.

अर्थात नदीतून जाणाऱ्या मालवाहू बार्जींच्या लाटांनी बांध किती झिजला त्याचं माप घ्यायला इंजिनियरच लागतो.

आणि तिसरा माणूस, मानशीवर मासे धरायचा लिलाव घेतलेला. त्याला खारं पाणी आत हवं कारण त्याच्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात, भातवाल्याला तेच पाणी नको, मग भांडणं. दोघंही आपापल्या जागी खरंच बोलतायत हो! जुनी रीत बघा, पावसाने खार धुऊन गेला की कोरगूट, म्हणजे खार सोसणारं भात, कापणी झाली की पाणी आत आणि मासे. एकट्या शेतकऱ्याला किंवा एकट्या मासे धरणाऱ्याला हे सुचलं नसतं असं मला तरी वाटतं.

समोरच्याचं बोलणं आपल्या तक्त्यात भरलं की आपल्याला वाटतं झालं, कळलं, पण त्या तक्त्यात कुर्लीच्या बिळाला रकानाच नसतो. म्हणून बांधाचा सर्व्हे करायचाच तर पुनवेच्या मोठ्या भरतीला करा, इंजिनियर आणि शेतकरी दोघं एकत्र बांधावरून चालत, आणि लिलाववाल्यालाही बोलवा, रात्रीचं पाणी त्यालाच जास्त ठाऊक.