एकच पद्धत सगळ्यांना कशी चालेल?

नमस्कार मंडळी, आज शाळेतल्या शिकवण्याबद्दल बोलूया. दर काही वर्षांनी एक नवी पद्धत येते, ट्रेनिंग होतं, आणि मग सगळ्या शाळांनी तसंच शिकवायचं असं ठरतं. मी प्राथमिक शाळेत शिकवतो आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, एकच पद्धत सगळ्या पोरांना आणि सगळ्या शिक्षकांना चालत नाही.

दुसरीतलं हातच्याचं गणित घ्या ना, बेचाळीस वजा अठरा. आम्ही काड्यांवर शिकवतो, दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावून आणि दोन सुट्या. आता आठ काढायच्या तर सुट्या दोनच, मग एखादी मुलगी गठ्ठ्याचं रबर स्वतःच्या हाताने सोडते, सुट्या बारा होतात आणि तिच्या चेहऱ्यावरच दिसतं की हिला कळलं. पण तिच्याच शेजारी बसलेला पोरगा आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकतो, तो काड्यांना हातसुद्धा लावत नाही. अठराला दोन दिले वीस, वर बावीस, म्हणजे चोवीस, झालं. सुटे पैसे परत देताना तो हेच करतो. त्याला जबरदस्तीने गठ्ठे सोडायला लावून काय मिळणार?

शिक्षकांचंही तेच. एखाद्या बाईंचा आवाज इतका छान असतो की चालीवर म्हणून घेतलेले पाढे पोरं विसरत नाहीत, दुसऱ्या सरांना गाता येत नाही पण फळ्यावर दोन रेघांत बैल उभा करतात. आणि दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-दोन वर्ग सांभाळायचे म्हणजे एका वर्गाला गटात काम देऊन दुसऱ्याकडे वळावंच लागतं, तिथे गटकार्य ही हौस नाही गरज आहे. शहरात साठ पोरांच्या वर्गात तेच करायला गेलं की जागाच पुरत नाही.

आपल्याकडे बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी हे फार आधी करून दाखवलंय. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये लहान मुलांसाठी पहिलं बालगृह काढलं, खास साधनं हाताळत मुलाने स्वतः शिकायचं ही त्यांची पद्धत ताराबाईंना मनापासून पटलेली. पण ती साधनं महाग, गरिबाच्या पोरांना कुठून मिळणार? मग पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडकडे शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. मोठी पोरं गुरं चारायला जायची, त्यांच्यासाठी ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी कुरणातच शाळा भरवली. मूल आपल्या हाताने करून शिकतं हा गाभा त्यांनी सोडला नाही, बाकी सगळं पोरं बघून बदललं.

आता अलीकडचं बघा. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून आपलं ज्ञान घडवतं ही पद्धत, खरंच जीव ओतून उभा केला, राज्यभरातून शिक्षक बघायला गेले, ते चांगलंच झालं. पण मी पाहिलेल्या काही शाळांत तिथून फक्त फरशीवरची रंगीत चित्रं आली, पोरं त्याच चित्रांवर रांगेत बसून फळ्यावरचं उतरवून घेतायत! कुमठ्याच्या शिक्षकांनी आपल्या पोरांकडे बघून घेतलेले निर्णय कसे उचलून आणणार, ते रंगाच्या डब्यात येत नाहीत.

मग काय, ज्याला जे वाटेल ते त्याने करावं? अजिबात नाही. तिसरीतल्या मुलाला गोष्ट वाचता आली पाहिजे, वजाबाकी आली पाहिजे, यात सूट नको. तपासणी कडक करा, पण पोराला काय येतं त्याची करा, भिंतीवर कुठला तक्ता लावलाय त्याची नको.

माझी एक मागणी आहे. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत आदर्श पाठ होतात, पीपीटी होतात, त्यातला अर्धा तास शिक्षकांना द्या. कुठल्या पोराला कुठली पद्धत लागू पडली नाही आणि मग काय केलं, एवढंच त्यांनी एकमेकांना सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने त्यातलं आपल्या वर्गाला चालेल ते घेऊन जायचं.