मार्चमधला मंगळवार आणि अमेरिकन माणूस

मंडळी, विषय आहे अमेरिकन राजकारणातला व्यक्तिवाद आणि परंपरा. अमेरिकन माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावरून एकटा निघालेला गडी येतो. हे चित्र अर्धवट आहे, आणि त्यापायी तिथलं राजकारण आपल्याला नीट उमगत नाही. तो स्वतंत्र माणूस चारचौघांत बसून घडतो. कसा, ते पाहायला अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट या छोट्या राज्यात जाऊ या.

व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे व्हरमाँट आणि आसपासच्या राज्यांतली, ही प्रथा सतराव्या शतकापासूनची. सभेची नोटीस किमान ३० आणि जास्तीत जास्त ४० दिवस आधी लावायची, आणि तीत प्रत्येक विषय क्रमांकानिशी द्यायचा. नोटिशीत नसलेल्या विषयावर बंधनकारक ठराव होत नाही. आयत्या वेळच्या विषयांवर नुसती चर्चा. तुम्हाला एखादा विषय घालायचा असेल तर ५ टक्के मतदारांच्या सह्या आणा. म्हणजे स्वतःचं मत सभेपुढे आणायचं, तर आधी शेजाऱ्यांची दारं वाजवायची.

सुरुवातीला सभाध्यक्ष निवडतात. पुढे रस्त्यांचं बजेट येतं आणि सभा रेंगाळते. रेंगाळायलाच हवी! समजा, बर्फ काढायचा ट्रक घ्यायचा आहे. एक जण विचारतो, जुना आणखी एक हिवाळा काढणार नाही का? दुसरी उपसूचना मांडते, रक्कम १०,००० डॉलरनं कमी करा. आधी उपसूचनेवर मत, मग मूळ ठरावावर. आवाजी मतदानात शंका राहिली तर हात वर करून मोजणी, आणि ७ मतदारांनी मागणी केली तर चिठ्ठ्या टाकून मतदान. हा सातचा आकडा मला फार मोलाचा वाटतो. शेजाऱ्यादेखत हात वर करायला जो कचरतो, त्याचं स्वातंत्र्य इथे सहा-सात गावकरी आणि एक जुना नियम मिळून राखतात.

आता बिघडतं कुठे? पाळीवर काम करणाऱ्याला किंवा घरी तान्हं मूल असणारीला एवढा वेळ बसणं जमत नाही. म्हणून कित्येक गावांनी दिवसभर मतपेटी ठेवायची पद्धत घेतली. २०२१ मध्ये कोविडमुळे त्यांत भर पडली. मत देणं सोपं होतं, पण मतपत्रिकेवर उरतं फक्त हो किंवा नाही. उपसूचना गेलीच! बजेट पडलं, तर लोकांना ट्रकच नको होता की रक्कम जास्त वाटली, हे त्या आकड्यांतून कळत नाही. कारभारी मंडळी पुन्हा अंदाजानं नवं बजेट मांडतात.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

१८३१ मध्ये तोकव्हिल हा फ्रेंच न्यायाधिकारी सुमारे नऊ महिने अमेरिकेत फिरला. माणूस घर आणि मित्रमंडळी यांत मिटून जातो आणि समाज वाऱ्यावर सोडतो, ही त्याची व्यक्तिवादाबद्दलची धास्ती. त्यावरचा उतारा त्याला गावकारभारात, ज्यूरीत आणि लोकांनी काढलेल्या संस्थांत दिसला. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात तिथे होत्या. बहुतेक राज्यांत मताचा हक्क नसतानाही संस्था काढून दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या आणि त्यांच्याविषयी मराठीत लिहिलं. मात्र हे दार सगळ्यांना उघडं नव्हतं. १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ड्रेड स्कॉट निकालानं कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारलं होतं.

१९२८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात उमेदवार हूवर यांनी कणखर व्यक्तिवादाचा गौरव केला. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, आणि १९३५ मध्ये म्हातारपणी पेन्शन देणारा सामाजिक सुरक्षेचा कायदा आला. तो टिकला त्याच्या रचनेमुळे. प्रत्येक कामगाराचा स्वतंत्र खातेक्रमांक, आणि १९३७ पासून पगारातून १ टक्का त्याचा, १ टक्का मालकाचा. सरकारी मदत नको म्हणणारा माणूसही हे पैसे हक्कानं मागू लागला, कारण त्यानं ते भरले होते. शेतमजूर आणि घरकामगार सुरुवातीला वगळले गेले. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती.

या पेन्शनचा पहिला मासिक धनादेश ३१ जानेवारी १९४० चा, व्हरमाँटमधल्याच लडलो गावच्या आयडा मे फुलर यांच्या नावाचा. त्यांनी तीन वर्षांत भरले होते २४.७५ डॉलर, आणि पहिलाच धनादेश आला २२.५४ डॉलरचा. त्या शंभर वर्षं जगल्या आणि एकूण २२,८८८.९२ डॉलर त्यांच्या हाती पडले.