पन्नास पिनांची केबल

[दृश्य: भिंगाखाली केबलचं टोक. पत्र्यावर पावसाचा आवाज.]

वरच्या रांगेत डावीकडून चौथी पिन बघा. बाकीच्या ताठ उभ्या आहेत, ही एकटी केसभर कललेली आहे. टोक असंच राऊटरमध्ये दाबलं असतं, तर ती आडवी होऊन शेजारणीला टेकली असती.

काकांच्या हातातला चिमटा घड्याळजीचा आहे. बाजारातलं घड्याळांचं एक जुनं दुकान बंद होत होतं, तेव्हा त्यांनी तो घेऊन ठेवला. पिनेला ते बुडाशी धरतात, शेंड्याशी कधीच नाही. शेंड्याला धरून वाकवली की पिन पुन्हा वाकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तुटते.

[दृश्य: खोली. भिंतीवर वेटोळी करून टांगलेल्या केबल्स.]

फोंड्यातली ही माडीवरची खोली. कचेऱ्यांनी टाकून दिलेले राऊटर इथे मांडून ठेवलेत. शनिवार-रविवारी चार-पाच मुलं येतात. कुणी साखळीहून, कुणी डिचोलीहून कदंबच्या बसने. आयटीआय झालेली, संगणकावर हात बसलेला, पण अशी केबल आजवर हातात न धरलेली. काकांनी उमेदीची सगळी वर्षं गोव्यातल्या लाईनी जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली. ते फी घेत नाहीत.

[दृश्य: टेबलावर व्ही.३५चं टोक, बाजूला माप म्हणून काडेपेटी.]

हा ३४ पिनांचा ठोकळा म्हणजे व्ही.३५. बँकेच्या शाखेत, तालुक्याच्या कचेरीत भाड्याची लाईन, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून कायमची घेतलेली तार आली की मोडेम (लाईनीवरचे संकेत राऊटरला कळतील असे करणारी पेटी) आणि राऊटर यांच्यामध्ये हा दिसायचाच. ६४ किलोबिटपासून २ मेगाबिटपर्यंतची कामं याने वाहिली. नाव सीरियल, कारण बिट एकामागून एक जातात, रांगेने. सगळी रांग एका तालावर चालावी लागते, आणि तो ताल देतं क्लॉक.

शिकायला आलेल्या प्रत्येकाची पहिली चूक इथेच होते. आम्हाला ती कॅमेऱ्यात मिळाली.

[दृश्य: दोन राऊटर समोरासमोर. मधोमध दोन ठोकळे एकमेकांत बसवले जातात. मग संगणकाचा पडदा.]

डिचोलीच्या मुलाने दोन राऊटर थेट एकमेकांना जोडले आहेत. एका बाजूची केबल डीटीई, म्हणजे ताल घेणारी, दुसरीची डीसीई, म्हणजे ताल देणारी. पिनांचा मेल ठोकळा भोकांच्या फीमेलमध्ये बसला, स्क्रू आवळले. पडद्यावर ओळ आली: सीरियल झीरो इज अप, लाईन प्रोटोकॉल इज डाऊन. म्हणजे तार पोहोचली, बोलणं सुरू झालेलं नाही. त्याने केबल काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"पुता, घड्याळ कोण देतोय?" काका विचारतात.

कोणीच देत नव्हतं. खऱ्या लाईनवर क्लॉक मोडेमकडून येतं. इथे मोडेम नाही, म्हणून ज्या राऊटरला डीसीई टोक लावलंय त्यानेच ते द्यायचं. कुठलं टोक कुठे आहे हे केबलच्या मागे वाकून बघायलाही नको. शो कंट्रोलर्स हा हुकूम टाइप केला की राऊटर स्वतः सांगतो: व्ही.३५ आहे, डीसीई आहे. केबल लावलेलीच नसेल तर तेही सांगतो. राऊटरकडच्या टोकात काही पिना मुद्दाम आतून जोडलेल्या असतात, त्यावरून तो केबलची जात ओळखतो. मुलाने त्या बाजूला क्लॉक रेट ६४००० टाकला. त्याचा चेहरा बघा.

[दृश्य: काका उंच फळीवरून जाड, काळी केबल काढतात. पिशवीतून बाहेर येईपर्यंत शॉट तोडायचा नाही.]

आता ती, जिच्यासाठी आम्ही आलो. एचएसएसआय. पूर्ण नाव हाय-स्पीड सीरियल इंटरफेस. १९८० चं दशक सरत असताना सिस्को आणि टी-थ्री-प्लस या दोन कंपन्यांनी मिळून ती बांधली, कारण लाईनी ३४ आणि ४५ मेगाबिटच्या झाल्या होत्या आणि व्ही.३५च्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. हिची मर्यादा सेकंदाला ५२ मेगाबिट. आत तारांच्या पिळलेल्या २५ जोड्या, दोन्ही टोकांना ५० पिना, दोन्ही टोकं मेल. लांबी जास्तीत जास्त १५ मीटर.

पंधराच का? काकांनी फळ्यावर मांडलेला हिशेब आम्ही पूर्ण ठेवला आहे. ५२ मेगाबिटला एका बिटच्या वाट्याला सुमारे १९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) येतात. १५ मीटर तारेतून संकेत पलीकडे जायला साधारण ७५. म्हणजे पहिला बिट पोहोचेपर्यंत मागचे तीन-चार बिट केबलच्या पोटात असतात. वाटेत कुठे तार बिघडलेली असली, टोक सैल असलं, तर संकेत तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्यावर आदळतो.

[दृश्य: काकांच्या दोन हातांत दोन केबल्स, हुबेहूब सारख्या.]

यातली एकच एचएसएसआय आहे. दुसरी जुन्या सर्व्हरच्या डिस्कची, स्कझी नावाच्या जोडणीची. टोक सारखं, पिना तेवढ्याच, स्क्रूसुद्धा तिथेच. राऊटरमध्ये ती अलगद बसते, पण आतली तार वेगळ्या हिशेबाने बनवलेली आहे. अशा केबलवर लाईन आलीच तरी चुका मोजता मोजता दिवस जातो, आणि सगळे दोष देतात लाईनला. काकांनी एकदा अशीच केबल शोधण्यात दोन दिवस घालवले होते. तेव्हापासून खऱ्या केबलला त्यांच्याकडे दोन्ही टोकांशी लाल दोरा असतो.

हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. ते प्रत्येक आयटीआयमध्ये, मुलाच्या हातात केबल देऊन शिकवायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: मागचं अंगण. चिऱ्यांची भिंत, अर्थिंगचा खड्डा, मीटरचा काटा.]

केबलला हात लावण्याआधी काका इथे येतात. गोव्याची जमीन जांभ्याची. मे महिन्यात ती इतकी कोरडी पडते की अर्थिंग नावापुरतं उरतं, आणि मग जूनमध्ये विजा येतात. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलंय, वर पाणी ओतायला पाईप आहे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्टच्या वर काटा गेला, की त्या दिवशी राऊटर चालू करायचा नाही. हा काकांचा नियम, आणि तो मोडताना आम्ही त्यांना पाहिलं नाही. अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून मनगटाला पट्टा, पट्ट्याची तार राऊटरच्या उघड्या पत्र्याला. कार्ड बदलायचं असेल तर आधी वीज बंद.

एकेका कचेरीत फायबर येतं, तशा या केबल्स भंगारात जातात, आणि इथून शिकून गेलेल्या मुलांना काम मिळतं ते बहुधा कंत्राटावर.

[दृश्य: साखळीची मुलगी, एचएसएसआयचं टोक. फक्त हात.]

टोकाचा आकार एका बाजूला रुंद आहे. ती आधी पोर्टकडे बघते, मग टोकाकडे. टेकवते. ते जात नाही.

"हळू गो बाय. जोर लावू नकोस, ते आपणहून जाईल."

ती टोक मागे घेते, पुसते, पुन्हा समोर आणते. या वेळी ते शेवटपर्यंत सरळ जातं. आता स्क्रू. डावा अर्धा फेरा, उजवा अर्धा फेरा, परत डावा. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर टोक तिरकं बसतं आणि दुसऱ्या बाजूच्या पिना अर्ध्यावरच राहतात. बोटांनी फिरेल तेवढंच, पक्कड वापरायची नाही. केबलचं वजन पिनांवर येऊ नये म्हणून ती रॅकच्या दांडीला बांधते, आणि वळण मोठं ठेवते.

[इथे निवेदन थांबवावं. पावसाचा आणि पंख्याचा आवाज राहू द्यावा.]

या केबलचं दुसरं टोक मोकळंच आहे. तिच्यासमोर बसवायला ३४ मेगाबिटची लाईन आता या खोलीत नाही.

काका टॉर्च घेऊन वाकतात. पोर्ट आणि टोक यांच्यातली फट ते डावीकडून बघतात, मग उजवीकडून. मान हलवतात. भिंग उचलून पुढच्या केबलवर नेतात.